ठरलेले सिझेरियन आणि नाळेतील रक्ताची साठवण: सल्ला हवा आहे

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. माझ्या पत्नीला ३७ वा आठवडा सुरू असून हे आमचे पहिलेच बाळ आहे. बाळ पायाळू असल्याने डॉक्टरांनी ३९ व्या आठवड्यात, म्हणजे जुलैच्या मध्यावर, सिझेरियन करण्याचे ठरवले आहे. पत्नी बाळंतपणासाठी तासगावजवळ माहेरी गेली आहे. शस्त्रक्रिया मात्र सांगलीतच होईल.

मागील तपासणीच्या दिवशी दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलो असताना एका खासगी कॉर्ड ब्लड बँकेच्या प्रतिनिधी आम्हाला भेटल्या. नाळेतील रक्त गोठवून ठेवल्यास त्यातील मूळपेशी पुढे ८० हून अधिक आजारांवर बाळाला, त्याच्या भावंडांना आणि आजी-आजोबांनाही उपयोगी पडतात, तसेच सिझेरियनमध्ये हे रक्त अधिक स्वच्छ आणि भरपूर मिळते, असे त्यांनी सांगितले. एकरकमी भरल्यास ६५,००० रुपये आणि त्यावर कर, असा खर्च आहे.

माझे सासरे हे माझे सख्खे मामाही आहेत. यंदा बेदाण्याचे बरे पैसे झाल्यामुळे नातवंडासाठी हा खर्च आपणच करायचा, असे त्यांनी ठरवले आणि ५,००० रुपये आगाऊ भरून किट घरी मागवलेसुद्धा. थर्माकोलच्या त्या डब्यात एक रक्तपिशवी, आईच्या रक्तासाठी काही नळ्या आणि इंग्रजीतील लांबलचक करारपत्र आहे. मामांची माया मला समजते आणि त्यांचे मन मोडायचे नाही. परंतु बाळाला याचा खरोखर किती उपयोग आहे, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त गोळा करताना आईला किंवा बाळाला काही धोका आहे का, हे कळल्याशिवाय त्या करारावर सही करण्यास माझे मन धजत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (निवृत्त परिचारिका, मिरज)

दादा, आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी अधिकाराने लिहू शकते, कारण माझी नोकरीची बहुतेक वर्षे शस्त्रक्रियागृहात गेली.

सिझेरियनमध्ये बाळ बाहेर आल्यावर नाळेला दोन चिमटे लावून मधोमध कापतात. बाळ बालरोगतज्ज्ञांच्या हाती जाते आणि नाळेचा वारेला जोडलेला भाग आईकडे राहतो. त्या भागातील शिरेत सुई घालून पिशवी टेबलाच्या पातळीखाली धरली की रक्त आपोआप खाली उतरते. पिशवीत रक्त साकळू नये म्हणून औषध असते. ते नीट मिसळावे यासाठी एकीने पिशवी सतत हलकेच हलवत राहावे लागते. सुरुवातीला धार जोरात येते, मग नाळ हळूहळू चपटी व पांढुरकी होत जाते आणि काही मिनिटांत धार थांबते. दुसऱ्या पद्धतीत वार पूर्ण बाहेर काढून बाजूच्या निर्जंतुक टेबलावर घेतात व तिच्यातून रक्त उतरवतात. सुई नाळेत जाते, त्यामुळे आई किंवा बाळ दोघांनाही वेदना होत नाहीत.

तथापि पहिल्या पद्धतीत आईचे गर्भाशय उघडे असते आणि त्यातून रक्तस्राव चालू असतो. अशा वेळी पिशवी भरावी म्हणून वार काढण्यास किंवा टाके घालण्यास क्षणभरही उशीर होता कामा नये. आपण रक्त साठवायचे ठरवलेच, तर वार काढून झाल्यावर जे मिळेल तेवढेच घ्यावे, असे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जन्मानंतर नाळेला लगेच चिमटा लावू नये, असे आता सर्वत्र मानले जाते. जागतिक आरोग्य संघटना १ ते ३ मिनिटे थांबण्यास सांगते, आणि आपल्या शासनाच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही चिमटा उशिरा लावण्याचा समावेश आहे. सिझेरियनमध्येही बाळ रडत असेल आणि आईचा रक्तस्राव आटोक्यात असेल, तर बाळाला कोरड्या ऊबदार कापडात गुंडाळून आईच्या मांड्यांवर ठेवता येते व निदान ३० ते ६० सेकंद थांबता येते. पहिल्या मिनिटात वारेतून सुमारे ८० मिलिलीटर रक्त बाळाकडे जाते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण अडीचशे मिलिलीटर असते, हे ध्यानात घेतले तर त्या ८० मिलिलीटरचे मोल कळेल. या रक्तातील लोह बाळाला पुढे कित्येक महिने पुरते. चिमटा उशिरा लावला की पिशवीत कमी रक्त येते. म्हणजे पिशवीसाठी घाई केली, तर ती बाळाच्या वाट्याच्या रक्तावर होते, आणि मला ही गोष्ट कधीच पटली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली होती. तेव्हा बाळाला लोहाची कधी काळी गरज पडेल असे म्हणण्याचे कारण नाही, ती पहिल्या वर्षातच पडते.

प्रवासाचाही विचार करावा. ही पिशवी सांगलीतून मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पोहोचून तिच्यावर शक्यतो ४८ तासांत प्रक्रिया व्हावी लागते. आपली तारीख जुलैतली आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला पुराने कसा वेढा घातला होता, हे आपण पाहिलेले आहेच.

उत्तर (रक्तसंक्रमण विभागातील डॉक्टर, कराड)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. उपयोगाच्या प्रश्नाबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रतिनिधी जे सांगतात त्यातील बरेचसे खरे असते. परंतु ते कोणाच्या रक्ताबद्दल खरे आहे, हे सांगायचे राहून जाते.

नाळेतील रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात आणि त्यांचे प्रत्यारोपण अनेक रक्तविकारांवर उपचार म्हणून मान्य झालेले आहे. असे पहिले प्रत्यारोपण डॉ. एलियान ग्लुकमन यांनी १९८८ मध्ये पॅरिसमधील सेंट लुई रुग्णालयात केले. रुग्ण फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार असलेला मुलगा होता आणि रक्त त्याच्या नवजात बहिणीचे होते. त्याचे स्वतःचे रक्त साठवलेले असते, तर ते निरुपयोगी ठरले असते, कारण आजाराचे मूळ त्या रक्तातही असते. ८० आजारांच्या यादीतील आनुवंशिक रक्तविकारांना हाच न्याय लागू पडतो: थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या मुलाला स्वतःचेच नाळेतील रक्त दिले, तर तोच दोष पुन्हा त्याच्या शरीरात जाईल. बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगातही, पुढे आजार निर्माण करणाऱ्या पेशी जन्माच्या वेळीच रक्तात असू शकतात, म्हणून तेथे दुसऱ्याचे जुळणारे रक्त अधिक श्रेयस्कर मानतात. या यादीतील बहुतेक आजार दुसऱ्या कोणाच्या तरी मूळपेशींनी बरे झालेले आहेत. स्वतःचे साठवलेले रक्त वयाच्या पहिल्या २० वर्षांत वापरले जाण्याची शक्यता दर २,५०० मुलांत एक ते दर दोन लाख मुलांत एक, अशी वर्तवली गेली आहे.

आता आजी-आजोबांबद्दल. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. चांगल्या भरलेल्या पिशवीत १०० कोटी पेशी मिळाल्या, असे धरले तरी त्या ४० किलो वजनाच्या रुग्णापुरत्या झाल्या. म्हणून प्रौढ रुग्णासाठी अनेकदा दोन पिशव्या लागतात. शिवाय आजी-आजोबांच्या आणि नातवंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता फार थोडी असते. सख्ख्या भावंडांत ती २५ टक्के असते. अलीकडे आई, वडील किंवा भावंडांच्या अर्ध्या जुळणाऱ्या मूळपेशी वापरूनही प्रत्यारोपणे होऊ लागल्याने नाळेतील रक्ताची गरज जगभरातच कमी झालेली आहे.

स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख आपल्याकडे झाला नसावा, पण पुष्कळ पालकांपुढे तो केला जातो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात स्वमग्न मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य निकषावर या रक्ताचा फायदा दिसला नाही. हा संशोधनाचा विषय आहे, उपचार म्हणून तो विकला जाऊ नये. त्याचप्रमाणे आपल्या देशात फक्त नाळेतील रक्त साठवण्यास परवानगी आहे. नाळेचा तुकडा, वार किंवा दुधाचे दात साठवण्याचे पॅकेज कोणी जोडून देत असेल, तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते मान्य नाही. स्वतःच्या भावी वापरासाठी नाळेतील रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही, अशीच परिषदेची भूमिका आहे, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही २०१८ मध्ये असाच अभिप्राय दिला.

या साठवणीला ‘जैविक विमा’ म्हणतात, ते मला अनुचित वाटते. विम्यात संकट आले की ठरलेली रक्कम मिळते. येथे संकट आले तरी पिशवीतील पेशी पुरेशा, जिवंत, निर्जंतुक आणि त्या आजारावर चालणाऱ्या असतील तरच त्यांचा उपयोग, आणि बहुतेक आजारांत स्वतःच्या पेशी चालतच नाहीत.

साठवण निश्चितपणे करावी, असा प्रसंग एकच: घरातील मोठ्या मुलाला प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार असेल आणि दुसरे बाळ येणार असेल. तेव्हाही ती प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाच्या सल्ल्याने करावी.

उत्तर (एक आई, सातारा)

डॉक्टरांनी शेवटी जो प्रसंग सांगितला, तो आमच्या घरी घडलेला आहे, म्हणून लिहीत आहे.

माझ्या मोठ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर होता. सहा-सात महिन्यांचा असताना तो पिवळट, मलूल दिसू लागला, दूध पिता पिता थकून झोपू लागला आणि तपासणीत हिमोग्लोबिन अतिशय कमी निघाले. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणे आणि शरीरात साठणारे लोह काढण्याचे औषध, हे आमच्या घराचे वेळापत्रक झाले. दुसऱ्या वेळी दिवस गेल्यावर ११ व्या आठवड्यात वारेच्या पेशींची तपासणी करून घेतली. बाळाला आजार नव्हता आणि पुढे त्याच्या पेशी भावाशी जुळल्या. तेव्हा प्रत्यारोपण केंद्रातील डॉक्टरांनीच मुलीच्या जन्माच्या वेळी नाळेतील रक्त गोळा करून ठेवण्याची व्यवस्था केली. माझेही सिझेरियन होते. पिशवीतील पेशी मुलाच्या वजनाच्या मानाने कमी भरल्या, म्हणून मुलगी थोडी मोठी झाल्यावर तिची अस्थिमज्जा घेऊन दोन्ही मिळून प्रत्यारोपण केले. खर्चासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून मदत मिळाली. २०१७ पासूनच्या या योजनेत निवडक रुग्णालयांत १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. मुलाला आता रक्त चढवावे लागत नाही.

दादा, मामांची मुलगी आपली पत्नी आहे, असे आपण जाता जाता लिहिले आहे. आपल्या सातारा-सांगलीकडे अशी लग्ने घरोघरी होतात आणि त्यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. आमचे लग्न तर नात्यातले नव्हते, तरीही आम्ही दोघे वाहक, म्हणजे दोष अंगात असूनही आजार नसलेले, निघालो. परंतु नात्यातील लग्नात एकच दोष दोघांकडे आलेला असण्याची शक्यता वाढते, आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक माणूस ठणठणीत असतो, त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. पत्नीची थॅलेसेमियाची तपासणी गरोदरपणात झाली आहे का, हे फाईल काढून पाहावे. झाली नसेल, तर आपण स्वतः हिमोग्लोबिन एचपीएलसी, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करून घ्यावी. गरोदर स्त्रीत लोह कमी असले तर अहवाल फसवा येऊ शकतो. नवऱ्याची तपासणी करणे सोपे असते, आणि तो वाहक नसेल तर बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची भीती राहत नाही. ६५,००० रुपयांच्या निर्णयाआधी हा थोड्या खर्चाचा अहवाल हाती असावा, असे मला कळकळीने वाटते.

उत्तर (वकील, सातारा)

वैद्यकीय बाजू वर आलेली आहे. मी फक्त कराराबद्दल लिहितो. जुलै २०२२ पर्यंत या सेवेला वस्तू व सेवा करातून सूट होती. ती काढून घेतल्यापासून १८ टक्के कर लागतो, म्हणजे ६५,००० रुपयांवर ११,७०० रुपये अधिक. करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत का, ते पाहावे: पेशी कमी भरल्यास किंवा पिशवी दूषित निघाल्यास पैसे परत मिळतात का, बँक बंद पडली किंवा दुसऱ्या कंपनीने घेतली तर पिशवीचे काय होते, मूल १८ वर्षांचे झाल्यावर तिच्यावर हक्क कोणाचा, आणि नुकसानभरपाई भरलेल्या रकमेपुरतीच मर्यादित आहे का. साठवण झाल्यावर पेशींची संख्या, जिवंत पेशींचे प्रमाण आणि जंतुसंसर्ग चाचणी यांचा लेखी अहवाल मिळेल, असेही लिहून घ्यावे. कम्युनिटी बँकिंगच्या, म्हणजे ग्राहकांनी एकमेकांच्या पिशव्या वापरण्याच्या, नावाखाली इतरांच्या पिशव्याही मिळतील असे सांगितले असेल, तर त्या बदल्यात आपली पिशवी दुसऱ्याला देण्याची संमती आपण देत असता, हे समजून सही करावी.

सही झालेली नसेल, तर किट न उघडता परत करून आगाऊ रकमेची लेखी मागणी करावी. तक्रार करायची वेळ आलीच, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती आपण राहता त्या जिल्ह्यातील आयोगाकडे करता येते. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

प्रश्नकर्ता (विश्रामबाग, सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीच्या फाईलमध्ये थॅलेसेमियाची तपासणी नव्हती, म्हणून मी सांगलीतच एचपीएलसी करून घेतली. हिमोग्लोबिन ए-टू (थॅलेसेमियाच्या वाहकांत वाढलेला दिसणारा प्रकार) २.७ टक्के आले असून मी वाहक नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. हा अहवाल घेऊन आम्ही तासगावला गेलो आणि मामांसमोर बसून सर्व उत्तरे वाचून दाखवली. मामांनी शांतपणे ऐकून घेतले. बाळाच्या हिश्शाचे रक्त पिशवीत जाते हे ऐकल्यावर त्यांनीच किट परत करण्यास सांगितले. तेच पैसे बाळाच्या नावाने ठेवीत ठेवायचे, असे आता ठरले आहे. बाळ रडले आणि सर्व काही ठीक असले, तर एक मिनिट थांबून मगच नाळ कापू, असे आमच्या डॉक्टरांनीही मान्य केले आहे.

मामांचा एक प्रश्न मात्र उरला आहे. वार तर शेवटी टाकूनच देतात. मग त्यातील उरलेले रक्त एखाद्या आजारी मुलासाठी दान का करू नये, असे ते विचारतात.

उत्तर (रक्तसंक्रमण विभागातील डॉक्टर, कराड)

मामांचा प्रश्न अगदी रास्त आहे. सार्वजनिक बँकांची कल्पना हीच आहे: रक्त दान करायचे आणि ज्याला जुळेल त्याला ते मिळायचे. परंतु असे दान घेण्यासाठी त्या बँकेशी जोडलेले रुग्णालय, प्रशिक्षित कर्मचारी आणि पेशींची किमान संख्या यांची अट असते. एक मिनिट थांबून मग उरलेल्या रक्तात ती संख्या बहुधा भरत नाही. म्हणून या बाळंतपणात दानाचा आग्रह धरू नये.

जुळणाऱ्या मूळपेशींची गरज असलेल्या रुग्णांसाठी दुसरा मार्ग खुला आहे. चेन्नईस्थित ‘दात्री’ या नोंदणी संस्थेकडे १८ ते ५० वयाची निरोगी व्यक्ती गालाच्या आतील बाजूचा नमुना देऊन दाता म्हणून नाव नोंदवू शकते. पुढे कोणाशी पेशी जुळल्याच, तर त्या बहुधा दंडाच्या शिरेतून, प्लेटलेट काढतात त्या पद्धतीने घेतल्या जातात. आपण आणि बाळंतपणातून सावरल्यावर आपली पत्नी, दोघेही हे करू शकता.

मामा त्या वयोमर्यादेत बसत नसतील, तर त्यांच्यासाठी साधे रक्तदान आहेच. थॅलेसेमियाच्या मुलांना दर महिन्याला रक्त लागते आणि उन्हाळ्यात व सणासुदीला आमच्याकडे साठा हमखास कमी होतो. पहिल्यांदाच रक्त देणाऱ्याचे वय ६० पर्यंत चालते, पूर्वी दिलेले असेल तर ६५ पर्यंत. रक्तदाब व मधुमेहाची औषधे चालू असल्यास ती सोबत आणून रक्तपेढीतील डॉक्टरांना दाखवावीत आणि सकाळी व्यवस्थित न्याहारी करून यावे.